अख्खा कुपा

तापातून उठल्यावर आईची अन्नावरची वासनाच गेली. दोन चमचे पेज, की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद उरलेली नाही, मासे खायला घाला.

आमच्या गावात मासा म्हणजे नदीचा, नाहीतर सुका बोंबील. पण मी नोकरीला वाशिंदला, तिथल्या बाजारात समुद्राचे मासे येतात, त्यामुळे समुद्रातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज. मासे विकणाऱ्या मावशींनी कुपा, म्हणजे ट्यूना, दाखवला. काटा कमी, मांस भरपूर, म्हाताऱ्या माणसाला उत्तम, म्हणाल्या. मी ऐटीत सांगितलं, डोकं-शेपूट काढा, कातडीही सोला.

घरी पिशवी सोडली तर आत लालभडक तुकडे. बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि काळा मसाला घालून रस्सा केला. आईनं एक तुकडा बोटानं दाबला, ताट सरकवलं. बाबा गेले तेव्हापासून तिनं मटण सोडलंय. मासळी तेवढी चालते.

"आई, मासा आहे तो. कुपा म्हणतात."

"माशाचं मांस असं असतं का रे? तुज्या बापासाठी सोडलंय मी. आजारी हाय म्हणून फसवून नको घालू."

मी मोबाइलवर फोटो दाखवला. ती म्हणाली, त्यात तर माणसं हवेत पण उडतात. पुरावा मीच वाशिंदला कापून टाकून आलो होतो. रात्री ती पुन्हा दोन चमचे पेजेवर निजली.

दुसऱ्या दिवशी अख्खा कुपा आणला. पिशवीतून शेपूट बाहेर, एसटीत अर्ध्या गाडीनं भाव विचारला. घरी तो परातीत ठेवून आईपुढे नेला. तिनं पाठीवरून हात फिरवला, पर ओढून बघितला, डोळ्यात डोळा घातला.

"मासाच हाय," ती म्हणाली. "काल उगाच बोलले तुला."

मला जग जिंकल्यासारखं झालं. बायकोनं या वेळी चिंच घालून आंबट केला. आईनं एक घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला, पाण्याबरोबर कसाबसा उतरवला.

"चांगला हाय रे. पन नाय जात."

मग ताटातले उरलेले तुकडे एकेक करून तिनं माझ्या ताटात टाकले. तू खा, म्हणाली. मी खाल्ले. माझं ताट रिकामं होईपर्यंत ती बघत बसली होती.