सरूबाईंचं नाव यादीतून कुठे गेलं?

मंडळी, उद्या तिसगावच्या लोकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला आणायचंय. गाडीची यादी मी केली. म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या माझ्या छोट्या प्रोग्रामने केली. गावातून आलेल्या फाइलमधून नावापुढे ‘होकार’ असलेल्या ओळी तो वेगळ्या काढतो.

दुपारी तिथल्या आशा सेविका मंदाताईंचा फोन. “सर, यादीत सरूबाई न्हाई. त्या तर सकाळधरनं पिशवी भरून बसल्यात!”

“तुमच्याकडूनच राहिलं असेल,” मी पंडिती थाटात म्हणालो.

“फाइल उघडा की. शेवटचंच नाव हाय.”

होतं. माझा प्रोग्राम एंटर दिसला की मगच ओळ तपासायचा. सरूबाईंच्या ओळीनंतर एंटर नव्हता, फाइलच संपली होती. हातातली ओळ तशीच टाकून गडी मोकळा झाला.

“शेवटी एंटर का नाही दाबलात?”

“पुढं कुनाचं नावच न्हाई, मग दाबू कशाला?”

यावर शास्त्रार्थ संभवत नाही. पाठशाळेत मला श्लोकाच्या शेवटी दोन दंड काढायची सवय लागली, आणि मी समजलो की अवघं जग तसंच थांबतं. फाइल संपल्यावर हातात ओळ उरली असेल तर तीही तपास, एवढं प्रोग्रामला सांगितलं. सरूबाई यादीत आल्या.

मंदाताई, उपकार झाले. तुम्ही गप्प बसला असतात, तर उद्या गाडी निघून गेली असती आणि त्या पिशवी घेऊन फाट्यावर उभ्या राहिल्या असत्या.

तुमची चूक अशी वेळेत कुणी दाखवली? नावं कळवा. एंटर नाही दाबलात तरी चालेल.