वर कुणी जायचं नाही

ब्रिटिश कोलंबियाच्या त्या खोऱ्यात व्हर्ना हुकुलाकला सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. दर शनिवारी डोंगराच्या पायथ्याशी लोक ट्रकमधून बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्या उतरवू लागले की ती ओरडायची, “उतारावर एका वेळी एकच! गाडी रुतली तर ज्याची त्यानं काढायची. मदतीला गेलात तर वजनानं उतार कोसळून दोघंही बर्फात गाडले जाल!”

ऐकतो कोण? रुतलेल्या दोस्ताला सोडून खाली थांबायचं, याहून मोठी नामर्दी त्या खोऱ्यात नव्हती. व्हर्नाचा नवरा असाच मदतीला गेला आणि वसंतात बर्फ वितळल्यावरच सापडला, हे ठाऊक असूनही.

त्या फेब्रुवारीत बर्फाची लक्षणं वाईट होती. कोरड्या थंडीत वर पिसांसारखे स्फटिक उगवले आणि त्यांच्यावर कंबरभर नवा बर्फ पडला. पत्त्यांच्या बंगल्यावर गादी टाकावी तसा! व्हर्नानं खड्डा खणून थर दाखवले, मोठ्या उताराला शिवू नका म्हणून बजावलं. तरी तिचा एकुलता एक मुलगा कोडी चढलाच, आणि अर्ध्यावर रुतला.

त्यानं वरून हात हलवला. खाली व्हर्ना, कोडीचा दोस्त लायल आणि आणखी दोघं होते. लायलनं इंजिन चालू केलं. व्हर्नानं त्याच्या गाडीची चावीच उपटली.

“वेड लागलं का? पोटचा पोर आहे तुझा!”

“म्हणूनच. वर कुणी जायचं नाही.”

“चावी दे, व्हर्ना! बाई आहेस की धोंडा?”

“शिव्या मागाहून घाल, गाढवा. आधी सगळे झाडीत व्हा!” मग वर तोंड करून ती किंचाळली, “कोडी, गाडी सोड! बाजूला हो!”

कोडीला ऐकू गेलं नाही. तो फावड्यानं गाडीभोवतीचा बर्फ उपसत राहिला.

धप्प असा एकच आवाज झाला. उतार आडवा फाटला. बघता बघता कोडी नाही, गाडी नाही, नुसती पांढरी धूळ.

गाडलेल्याचा ठाव सांगणाऱ्या छातीवरच्या यंत्रांची टिकटिक ऐकत चौघं धावले, बर्फात लांब सळया खुपसून चाचपलं, वेड्यासारखे खणत सुटले. कोडीचं तोंड उघडं पडलं तेव्हा ते निळं होतं. व्हर्नानं त्याच्या तोंडात श्वास भरला. पुन्हा भरला. तो खोकला.

“बघत काय बसला होतात?” हे त्याचे पहिले शब्द. “लायल, तूसुद्धा?”

“तुझ्या आईनं चावी काढून घेतली.”

लायल खरंच बोलला, पण अर्धंच. तो वर गेला असता तर खणायला नुसते दोन हात कमी पडले नसते, शोधायला एक देहही जास्त झाला असता. ते कुणी बोललं नाही. इतकी वर्षं घसा फोडणारी व्हर्ना नुसता त्याच्या अंगावरचा बर्फ झटकत राहिली.

“तू अडवलंस?” कोडीनं विचारलं.

“हो.”

तिनं पुढे केलेला हात त्यानं पाहिला. मग लायलच्या खांद्याला धरून उठला आणि त्याच्या गाडीवर मागे जाऊन बसला. व्हर्ना खड्ड्यात तशीच गुडघ्यांवर. पोर वाचला होता, आणि तिला रडताही येईना.