कबरी गाय आणि परातीचं चॅनल

“माही गाय लाल नोहे जी, कबरी हाये!” फोनवरचा माणूस ओरडत होता. “तुमच्या बाईनं लाल काहून सांगतली?”

मी हेडफोन काढला. यवतमाळच्या आमच्या केबल चॅनलच्या ऑफिसात फोन एकच, आणि तो एडिटरच्या टेबलावर. एडिटर म्हणजे मी. आता या माणसाला कसं सांगायचं, की बाबा रे, ती गाय नव्हतीच? ती आम्ही लोकांनी हसावं म्हणून रचली होती.

झालं होतं असं. आमचे मालक राजूभैय्या यांना एक विनोदी कार्यक्रम हवा होता. मी ‘गगन सॅटेलाइट’ नावाचं एक खोटं चॅनल लिहिलं. फाटक्या खिशाचं सॅटेलाइट चॅनल. डिश म्हणून टिनाच्या छपरावर पालथी घातलेली परात. वारा सुटला की चित्र गायब. स्टुडिओत मागे जो हिरवा पडदा असतो त्याला क्रोमा म्हणतात. कॉम्प्युटरवर त्या हिरव्याच्या जागी हवं ते चित्र बसवता येतं. आमच्या खोट्या चॅनलवर पडदा हिरवाच राहायचा आणि बातम्या देणारी बाई म्हणायची, “मांगं स्वित्झर्लंड हाये असं समजून घ्या.” खरं सांगायचं तर आमचं खरं चॅनलही याच्या फार पुढे नव्हतं. त्यामुळे लिहायला त्रास पडला नाही.

ती बाई म्हणजे लताताई. बाभुळगावला त्यांचं पार्लर. आधी त्यांनी आमच्याकडे खऱ्या बातम्यांसाठी ऑडिशन दिली होती. आवाज खणखणीत, नजर कॅमेऱ्यात ठाम. पण ‘मला’च्या जागी ‘मले’ यायचं, आणि भैय्यांनी तेवढ्यावर त्यांना घरी पाठवलं होतं. खोट्या चॅनलला नेमकं तेच हवं होतं.

“भाऊ, आज लोक हासतीन, हासू द्या,” त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “पण तोंड त दिसन टीव्हीवर. मंग एक दिवस भैय्याच म्हणतीन, हिलेच खऱ्या बातम्या देऊन टाका.” परातसुद्धा त्यांनीच घरून आणली होती.

पहिल्या भागात मी एक बातमी लिहिली होती: बाभुळगावच्या शिवारातून एक लाल बांडी गाय, म्हणजे शेपूट तुटलेली गाय, हरवली आहे, गायीने हा कार्यक्रम पाहिल्यास ताबडतोब घरी यावं. त्यावर मी लाफ्टर ट्रॅक टाकला. लाफ्टर ट्रॅक म्हणजे रेकॉर्ड केलेलं हसू. विनोदावर विश्वास नसला की ते वापरतात.

आणि त्याच शिवारातली, खरोखरची बांडी गाय या माणसाची हरवली होती. रंग तेवढा आमचा चुकला होता.

लताताई शूटिंगसाठी आलेल्याच होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “शिंगं कशी हायेत, बाप्पा? गळ्यात लोढणं हाये का घुंगरू? पान्ह्यावर हाये का भाकड?” सगळं विचारून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला. “भाऊ, आज मी हे वाचतो.”

“ताई, हा विनोदी कार्यक्रम आहे.”

“मंग त्या माणसाले तसं सांगा.”

त्यांनी वाचलं. परातीच्या चॅनलवर, हिरव्या पडद्यापुढे, एकदाही न हसता. त्या जागी मी हसू टाकलं नाही. दोन दिवसांत गाय सापडली. शेजारच्या गावात कोणीतरी ती आपल्या गोठ्यात बांधून ठेवली होती आणि तो मालकाची वाट पाहत होता.

मग फोन थांबेनात. कोणाची बकरी, कोणाची शाळेच्या दाखल्याची पिशवी, कोणाचा मुकुटबनला लग्नाला गेलेला आणि परत न आलेला म्हातारा. म्हाताराही सापडला, तो दुसऱ्याच लग्नात जेवत होता. लोक विनोद बघायला बसायचे आणि बातम्या ऐकून उठायचे.

भैय्यांनी हे हेरलं. “प्रशांत, न्यूज चालून राह्यली आपली. खरं बुलेटिन सुरू करू.”

“अँकर लताताईच ना?”

“डोकं ठिकाणावर हाये का? ते कॉमेडीवाली बाई आहे. तिला पाह्यलं की हसू येते लोकांना.”

“हसू येत असतं तर गाय शोधायला फोन केला असता का कोणी?”

“उद्या जाहिरातवाला विचारन, हे चॅनल आहे का दंडारीचा तमाशा? नागपूरहून मुलगी येऊन राह्यली, शुद्ध बोलणारी. तुझी परात उतरव आता.”

मी आणखी दोनदा जाऊन भांडलो. चॅनल त्यांचं होतं.

बुलेटिन सुरू होणार ही बातमी लताताईंपर्यंत गेली होती. कोण वाचणार ही गेली नव्हती. त्या नवी जांभळी साडी नेसून आल्या. हिरवी मुद्दाम टाळली होती, कारण क्रोमापुढे हिरवी साडी नेसली तर माणसाचं नुसतं मुंडकं दिसतं. हे मीच त्यांना शिकवलं होतं. बुलेटिन नागपूरची मुलगी वाचणार, हे मी सांगितलं. त्यांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, “परात तेवढी देऊन द्या, भाऊ. माही हाये.” मी छपरावर चढून ती उतरवली. इतकं वाईट मला या नोकरीत कधी वाटलं नाही.

नागपूरच्या मुलीचा दोष नव्हता. ती चांगली वाचायची. पण भैय्या मजकूर शुद्ध करायचे. बकरीची ‘शेळी’ झाली, म्हाताऱ्याचे ‘वयोवृद्ध गृहस्थ’. फोन कमी होत गेले. मग एक दिवस तोच जुना आवाज आला.

“साहेब, माही कबरी पुन्हा सुटली. तुमच्याकडं सांगतलं होतं. पण टीव्हीत दुसऱ्याच कोणाच्या गायीचं सांगतलं जी. बहुरंगी म्हणे. ते बहुरंगी गाय कोणाची व्हय?”

“तुमचीच.”

“त्या बाईले द्या ना फोन.”

फोन द्यायला बाई नव्हती. रविवारी मी हा निरोप घेऊन बाभुळगावला गेलो. लताताई एका मुलीच्या भुवया कोरत होत्या, दोरा दातांत धरलेला.

“ताई, कबरी पुन्हा हरवली.”

त्यांनी दोरा सोडला. “लोढणं होतं का गळ्यात?” एवढं विचारलं आणि थांबल्या. “मी कायले विचारू आता? कुठी वाचू?” दोरा पुन्हा दातांत धरला आणि मुलीला म्हणाल्या, “डोळे मीट वं.”

गाय सापडली नाही. आमच्या धंद्यात सिग्नल गेला की दुसऱ्या मिनिटाला फोन येतात, शिव्यांसकट. मालकांना वाटतं, फोन येत नाहीत म्हणजे सगळं ठीक चाललं आहे. आमचा फोन आता दिवसभर वाजत नाही. भैय्या खूश आहेत.