शांतवन पास्टरांचा नरक

आम्ही मारुंजीत आलो तेव्हा आमच्याकडे एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह आणि वडिलांची थापी-ओळंब्याची पिशवी एवढंच होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात काम उरलं नव्हतं आणि हिंजवडीत इमारती उभ्या राहत होत्या. वडील गवंडीकामाला आले, त्यांच्या मागून आई आणि मी. अण्णांच्या चाळीत एक खोली मिळाली. पाऊस लागला की पत्रा गळायचा, मग मी पेटीवर पाय घेऊन अभ्यास करायची. कोरडी जागा तेवढीच. आई मेसच्या पोळ्या लाटायची. वडील आधी थोडी प्यायचे, मग जास्त. हे मी कीव मागायला सांगत नाही. शांतवन पास्टर आमच्यासारख्या घरांवरच पोसले जात होते, म्हणून ती घरं कशी होती ते आधी कळलेलं बरं.

पास्टर बिडी-सिगारेट ओढत नसत, तरी त्यांच्या खिशात काडेपेटी कायम असायची. दर रविवारी उपदेशाला उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला बोलवायचे, काडी पेटवायचे आणि म्हणायचे, "धर बोट." पोर बोट पुढे करायचं, चटका बसला की ओरडायचं. पास्टर काडी फुंकून टाकायचे आणि सगळ्यांकडे सावकाश बघायचे. "हे क्षणाचं झालं. आता कायमचं कसं असेल, करा विचार. काडी संपते, नरक संपत नाही." बाया पदर तोंडाला लावायच्या. मग दानाची पिशवी फिरायची. मीसुद्धा एकदा बोट भाजून घेतलं आहे. त्या दिवशी आईने मला पेढा दिला होता, जणू मी काही जिंकून आले.

नाव शांतवन, पण या माणसाने कुणाचं सांत्वन केल्याचं मला आठवत नाही. आजाऱ्याकडे गेले तर आधी पापाची चौकशी. बाळंतिणीकडे गेले तर पोराचा बाप्तिस्मा लांबवला तर काय होतं ते ऐकवायचे. पांढरा शुभ्र शर्ट, केसांना तेल, आणि आवाज असा की स्पीकरची गरज नसताना स्पीकर लावायचे.

प्रार्थना भरायची ती अण्णांच्या गोठ्यात. अण्णा म्हणजे आमचे घरमालक, पाच पिढ्यांचे मारुंजीकर, माळकरी नाहीत पण ग्रामदैवताच्या उत्सवात पालखीला खांदा देणारे. जमीन विकली, गाई विकल्या, आणि गोठा आमच्या ख्रिस्ती मंडळीला फुकट दिला. का दिला विचारलं तर म्हणायचे, "गोठा मोकळा ठिवू न्हाई. कुनीतरी आवाज करत असलं म्हंजी बरं असतंय." उपदेश चालू असताना ते दाराबाहेर तंबाखू मळत बसायचे. आत पास्टर गर्जायचे, "ज्याचा बाप्तिस्मा नाही तो अग्नीत! या छपराचा मालक असला तरी अग्नीत!" पास्टर बाहेर आले की अण्णा विचारायचे, "काय वं पास्तर, मगाशी आमचं नाव निगालं जनू?"

"नाही नाही अण्णा, उदाहरण दिलं. तुमचं काय, तुमचं मन मोठं."

"व्हय का? मला वाटलं मला जाळत्याती. कायमचं म्हनला न्हवं? आरं, तलाठी बी कवातरी सोडतो मानसाला. तुमचा द्येव लई खुनशी हाय."

पास्टर हसायचे. छप्पर फुकट असलं की माणूस देवाची निंदासुद्धा हसून ऐकतो, हे मी तिथे शिकले.

माझ्या वडिलांचं नाव याकोब. बाप्तिस्मा झालेला, लहानपणी प्रार्थनेची गाणी मोकळ्या गळ्याने म्हणणारा माणूस. पण गोठ्यात एकदाच आले. काडीचा खेळ बघितला आणि उठून गेले. घरी येऊन म्हणाले, "दिवसभर उन्हातली सळई उचलतो मी. मला हा माणूस चटक्याची भीती घालतोय!" त्यानंतर पास्टरांच्या उपदेशात "दारुडा याकोब" अधूनमधून येऊ लागला.

मी बारावीत असताना वडील कामावर स्लॅबवरून पडले आणि गेले. प्यायलेले होते. ते मी लपवत नाही. पास्टर दफनाला आले, ते आले नसते तर बरं झालं असतं. कबरेत पेटी उतरवली, आईने मूठभर माती हातात घेतली, आणि या माणसाने खिशातून काडेपेटी काढली. काडी पेटवून कबरेवर धरली. "बंधूंनो, याकोब पश्चात्ताप न करता गेला. दार बंद झालं. आता तो जिथे आहे तिथली काडी विझत नाही." माझ्या वडिलांवर अजून माती पडायची होती आणि त्यांचा धडा करून झाला होता.

त्या दिवसापासून आईचं एक सुरू झालं. पोळ्या करताना तव्याचा चटका बसला की ती हात पाण्याखाली धरायची नाही. मलम लावू द्यायची नाही. फोड घेऊन तशीच लाटत राहायची. मी ओरडले की म्हणायची, "त्येन्ला कोन देतंय पानी?" बस, एवढंच. तिच्या दोन्ही हातांवर डाग पडले. रोज पोळ्या आणि रोज चटके. मी ते डाग बघत बघत कॉलेज केलं.

आणि कॉलेजला जाता-येता बसमध्ये बायबल वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आमच्या घराण्यात ते असं सलग कुणी वाचलं नव्हतं, आणि माझी खात्री आहे की शांतवन पास्टरांनीही नाही. त्यांचं बायबल आगीच्या पाच-सात पानांवर आपोआप उघडायचं, बाकीची पानं कोरी करकरीत. मला जे दिसलं ते असं: पापाची मजुरी म्हणून त्यात मरण सांगितलंय, जळत राहणं नाही. मेलेल्याला काही कळत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. देवाने जाळलेल्या सदोम शहराच्या आगीलाही सार्वकालिक म्हटलंय, आणि ती आग कधीच विझली, तिथे आज राखसुद्धा नाही. आग जे धरते ते संपवते, म्हणून ती कायमची. हां, शेवटच्या पुस्तकात युगानुयुगे वर चढणारा धूर आहे, छळही आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच पुस्तकात सात डोक्यांचं श्वापदही आहे. ते श्वापद दृष्टान्त आणि धूर तेवढा खरा, ही कुठली वाचायची रीत? आणि जिथे येशू कायमच्या शिक्षेचं बोलतो, तिथे तो विचारतो काय? भुकेल्याला जेवू घातलंत का, तहानेल्याला पाणी दिलंत का. पिशवीत किती टाकलंत हे विचारत नाही.

मी हे सगळं एका रविवारी गोठ्यात उभी राहून विचारलं. पास्टर आधी हसले, मग लाल झाले. "कॉलेजात गेलीस म्हणून देवाला शिकवतेस का गं पोरी?"

"देवाला नाही, तुम्हाला विचारतेय. सदोम आज जळतंय का?"

"जीभ जळेल तुझी."

"ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही."

"बस खाली! बापाच्या वळणावर गेलीस."

उत्तर त्यांच्याकडे नव्हतंच. होती ती काडेपेटी. घरी येऊन मी आईला एकेक ओळ वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू त्येंची पोरगी. तू बापाची बाजू घेनारच. ज्यानं त्येन्ला तिथं धाडलं त्याच्या तोंडानं ऐकू दे मला." माझं कॉलेज तिथे फुकट गेलं.

पुढे अण्णा गेले. झोपेतच. सारा गाव दहाव्याला नदीच्या घाटावर. आमच्याकडे दशक्रियेला माइक लागतो. आधी प्रवचन, मग ज्याला निवडणूक लढवायची आहे तो प्रत्येक जण श्रद्धांजली वाहतो. सरपंच बोलले, पतपेढीचे संचालक बोलले, आणि पुकारा झाला, "आता ख्रिस्ती बांधवांच्या वतीने शांतवन पास्टर." अण्णांचा मुलगा दत्ताभाऊ पुढेच बसला होता. गोठा ठेवायचा की बिल्डरला द्यायचा, हे आता त्याच्या हातात. पास्टरांनी त्याच्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि गळा दाटवून म्हणाले, "अण्णा आज देवाच्या कुशीत आहेत. तिथे दुःख नाही, वेदना नाही. असा पुण्यात्मा सरळ स्वर्गात जातो."

ना बाप्तिस्मा, ना पश्चात्ताप. एका गोठ्यात सगळं भागलं.

बायांमध्ये बसलेली माझी आई उठली. पिंड ठेवले होते, लोक कावळ्याची वाट बघत होते, त्यामुळे घाट शांत होता. ती सरळ पास्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"पास्टरसाहेब, अण्णा सर्गात हायेत?"

"हो बाई. देवाची कृपा फार मोठी."

"बाप्तिस्मा न घेता?"

"कृपा मोठी असते, बाई."

"मग माझ्या मालकानं तर घेतला व्हता. त्ये कुठं हायेत?"

पास्टर हळू आवाजात म्हणाले, "बाई, ही जागा नाही."

"कबरेवर काडी पेटवली तवा जागा बघितली व्हती का? तवा लोकांदेखत बोलला. आता बी लोकांदेखत बोला."

कावळा येत नव्हता. झाडावर दोन बसले होते, खाली उतरेनात. लोकांत कुजबुज सुरू झाली की अण्णांची काहीतरी इच्छा राहिलीय. अण्णांची थोरली बहीण, नव्वदीची म्हातारी, काठी आपटून ओरडली, "आरं ये बाबा, त्या बाईला काय पायजे ते सांगून टाक की! कावळा खोळंबलाय तितं!"

"सांगा वं पास्तर," मागून कुणीतरी म्हणालं. "अण्णाला भाडेकरूंची लई काळजी. त्येच आडलं आसंल."

दत्ताभाऊ उठला, माइक पास्टरांच्या हातात कोंबला. "बोला. आन् नीट बोला."

गोठा डोळ्यांसमोर आला असणार. पास्टरांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग घाटावरच्या दोन्ही कर्ण्यांतून, नदीच्या पलीकडे ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "याकोब... याकोबभाऊ जळत नाहीत. ते झोपलेत. देवापाशी आहेत."

"परत सांगा," आई म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं.

कावळा काही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक जेवायला बसले. दत्ताभाऊने वर्षाच्या आत गोठा पाडला, पास्टर शेजारच्या नेरे गावात गेले. तिथेही काडेपेटी घेऊन उभे राहतात म्हणे. त्यांचा विश्वास बदलला, असा माझा मुळीच समज नाही. त्या दिवशी त्यांना छप्पर हवं होतं आणि ते बोलले. इतक्या हलक्या माणसाने माझ्या आईला इतकी वर्षं जाळलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, खोलीवर स्लॅब आला. पण आमच्या घराने खरं मिळवलं ते अण्णांच्या दहाव्याच्याच संध्याकाळी. पोळ्या करताना आईला तव्याचा चटका बसला. ती उठली, मोरीशी गेली, आणि नळ सोडून हात पाण्याखाली धरला.