किसनदादानं आण मोडली नव्हती

किसनदादा साप चावून मेला नाही.

आज वर्ष झालं. गावातल्या सगळ्यांनी हे वाचा. आणि कुणीतरी शालनवहिनीला वाचून दाखवा.

मी सातवीतनं शाळा सोडलेला. लिहायला चुकलं तर सांभाळून घ्या.

कतारला इंडस्ट्रियल एरियात आम्ही एका रूमवर होतो. मी, दादा आणि चार नेपाळी. वर्ल्डकपची कामं फुल जोरात. आमची कंपनी स्टेडियमबाहेर झाडं आणि लॉन लावायची. दादा नर्सरीत पाणी द्यायला.

एकदा हमद पोर्टवरनं आलेल्या कुंड्यांच्या कंटेनरमध्ये साप निघाला. फोरमन फावडं घेऊन धावला.

दादा मध्ये पडला. "मत मारो साब, पानी का है, जहर नहीं."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "दिवड हाय रं. आपल्या विहिरीतली. एवढ्या लांब आली, तीबी नोकरीलाच."

नर्सरीच्या एसी स्टोअरमध्ये निळ्या ड्रमात ठेवली तिला. थोडं पाणी, एक दगड, तळ्यातले बारके मासे.

महिन्याभरात तिनं अंडी घातली. तीसच्या वर! दादानं थर्माकोलच्या डब्यात ओलं कोकोपीट भरून त्यात ठेवली. रोज बोट घालून ओल बघायचा. पिल्लं निघाली त्या दिवशी सगळ्या रूमला चहा पाजला त्यानं.

मी चिडवलं, "दादा, बारसं कधी?"

"तू आत्या म्हणून बस, लगेच करू."

मग मी माती खाल्ली.

एका पिल्लानं दादाचा अंगठा पकडला. रक्त मुंगीएवढं. मी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "किसनदादाला पान लागलं."

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात.

मला वाटलं, लोक हसतील.

गावाला ते खरंच वाटलं. आणि ड्युटीवर आमचे दोघांचेही फोन लॉकरमध्ये. संध्याकाळपर्यंत वहिनीनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

फोन लागल्यावर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आरतीच्या डोक्यावर हात ठेवलाय मी. तिची आण हाय तुम्हाला. परत सापाला हात लावायचा नाही. म्हणा, हो."

दादा म्हणाला, "हो."

त्याच शुक्रवारी आम्ही ड्रम आणि डबा घेऊन दोहातल्या अल हिलाल भागात गेलो. तिथल्या एका बंगल्यात केरळचा माळी होता, अंगणात मोठं तळं. सगळी त्याला देऊन टाकली.

पुढं माळ्यानं व्हिडिओ पाठवला. दिवडीला परत अंडी झालेली.

मी म्हटलं, "चल ना दादा, बघून येऊ."

"नको. बघितलं की हात जाईल माझा."

रूमवर आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. सात महिने. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

मग एका दुपारी लॉनचे रोल उतरवताना खाली बसला, तो उठलाच नाही. दवाखान्याच्या कागदावर हार्ट अटॅक लिहिलंय. पण कागद अरबीत. गावात कोण वाचणार?

त्याच्या भावाचा फोन आला. "पान लागलं व्हतं का रं त्याला?"

मी रडत होतो. म्हणालो, "हो, लागलं होतं मागं, पण..."

फोन कट झाला.

मी परत लावला नाही. लावला असता तर सगळंच बोलावं लागलं असतं. परदेशात त्याचा जीव ज्यात रमला होता ते माझ्या एका मस्करीनं गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

गावात झालं की किसन चोरून साप पाळत होता, पोटच्या पोरीची आण मोडली, म्हणून गेला.

परवा कळलं, वहिनीनं त्याचा फोटोसुद्धा भिंतीला लावलेला नाही.

वहिनी, मी त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपत होतो. तुमच्या त्या फोननंतर त्यानं सापाला बोट लावलं नाही. आरतीची आण त्यानं शेवटपर्यंत पाळली.

त्याचा फोटो लावा. आरतीच्या हातानं लावा.

दादा, वर्षानं का होईना, तुझ्यापुढं हात जोडतोय. भावपूर्ण श्रद्धांजली.