काय झालं न्हाय

निपाणीच्या रस्त्यावरून भूपाल आप्पांची जीप गेली की लोक आप्पांकडे नाही, मागच्या बाकाकडे बघत. बाकावर चुंबळ, आणि चुंबळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी तांब्या असायचा. तवंदीच्या डोंगराला वळसा घालून आप्पा परत आपल्या तंबाखूच्या वखारीपाशी येत, चष्मा कपाळावर चढवत आणि विहिरीत डोकावावं तसं त्या तांब्यात डोकावत. पाणी किती सांडलं, कुठल्या अंगाला सांडलं, यावरून त्यांना जीपच्या पाट्यांची तब्येत कळे. पाटे म्हणजे चाकांवरची लोखंडी पट्ट्यांची चवड. जीपचा सगळा भार तिच्यावर झुलतो. तपासणी संपली की उरलेलं पाणी ते पिऊन टाकत. आप्पा जैन; घरून गाळून आणलेलं पाणी, ते ओतून कसं द्यायचं?

"कशी झाली फेरी, आप्पा?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "काय झालं न्हाय." पण हे ते अशा थाटात सांगत, जणू घरात पोराचा पहिला नंबर आलाय.

आप्पांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वखारीला कुलूप लावून ते घराच्या पायरीपर्यंत जात आणि कुलूप ओढून बघायला परत येत. पाहुणा निघाला की तो पोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागत नसे. असा माणूस डोंगरात जीप घालतो कशाला, हे कोडंच होतं. वाटेत घळ आली की ते उतरत, पुढे चालत जाऊन बघून येत, चाकाशी उकिडवे बसून बोटांनी मापं घेत आणि बहुतेक वेळा गाडी माघारी वळवत. वखारीसमोरचा चहावाला म्हणे, "आप्पा गाडी चढवायला न्हेत न्हाईत, माघारी आणायला न्हेत्यात." आप्पांना या टोमण्याचं कौतुकच वाटे. "मग? चढवायला कोन बी चढवंल. माघारी आणायची असती."

मी निपाणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आणि आप्पांच्या वखारीवरच्या खोलीत भाड्याने राहायला. एकदा धीर करून विचारलं, "आप्पा, पूर्वी कधी गाडी उलटली होती का तुमची? घरातलं कुणी...?"

"न्हाय बा." ते माझ्याकडे नवलाने बघत राहिले. "भ्यायला काय कारण लागतंय व्हय?"

माझ्या भीतीला मात्र कारण होतं. माझं गाव लोंढ्याच्या पलीकडे, रानात. आई तिथे एकटी, दोन म्हशींच्या संगतीने. तिला दमा. पावसाळ्यात ओढा फरशी पुलावरून वाहू लागला की गाव तुटतं, आणि नेमका तेव्हाच तिचा दमा उसळतो. एका श्रावणात तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला वासे बांधून, चौघांनी पाण्यातून बाहेर काढलं. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. मधोमध एकाचा पाय घसरला आणि खुर्ची कलली, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. निपाणीला चल म्हटलं तर ती म्हणे, "म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू?" शेवटी मी एक जुनी जीप घेतली. पाण्यातून जाण्यासाठी ती चाकांवर उंच उचलून घ्यायची ठरवली.

बेळगावच्या यासीन मिस्त्रींचा हात या कामात चांगला. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "चार इंच उचलू या. पाणी इंजिनाला शिवणार न्हाय." मला तर ऐकूनच हलकं वाटलं. पण पावसाळ्यात गाव न सोडणारे आप्पा उन्हाळ्याचे दिवस म्हणून बरोबर आले होते. ते म्हणाले, "दोन."

"आप्पा, दोन इंचानं काय होणार?"

"उंच गाडी पाण्यात शाणी, उतारावर खुळी. तुझ्या गावची वाट एका अंगानं उतरती हाय, तूच सांगितलंस. पाणी निदान दिसतंय तरी, परशराम. कलंडताना काय दिसत न्हाय."

"माझी आई बसणार आहे त्यात!" मी जवळजवळ ओरडलोच.

"म्हणून तर," आप्पा म्हणाले.

मला पाण्याची भीती, त्यांना कलंडण्याची. चहाचे दोन फेरे झाले तरी तोडगा निघेना. अखेर यासीनभाईंनीच मान हलवली, "आप्पांचं बी खोटं न्हाय. दोन करू." मी हो म्हटलं, पण मनातून नाही. पावसाळाभर ते हुकलेले दोन इंच माझ्या छातीवर बसून राहणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पाट्यांना नवी कमान दिली, धक्के झेलणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलले, गाडी वर गेली म्हणून ब्रेकचे पाइप लांब घातले. आप्पा एका पालथ्या डब्यावर बसून प्रत्येक नटाला एकच प्रश्न विचारत होते: "आणि हे तुटलं तर?" दुपारपर्यंत यासीनभाई हात जोडून म्हणाले, "आप्पा, तुम्ही घरी जावा. गाडी मी पाठवून देतो." आप्पा हलले नाहीत. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बांधून दिलेली भाकरी त्यांनी तिथेच सोडून खाल्ली.

निपाणीकडे परतताना मागच्या बाकावर तांब्या होता. पोचलो तेव्हा तळाला घोटभर पाणी उरलं होतं. बाक चिंब. नवे पाटे दगडासारखे कडक झाले होते, खड्ड्याखड्ड्याला गाडी उडत होती. पण गाडी उंच झाली या आनंदात माझं तिकडे लक्षच नव्हतं.

"दमा हाय न्हवं आईला?" आप्पा ओल्या बाकावर हात फिरवत म्हणाले. "हितं बशीवणार तू तिला? पाण्याचं हे झालं, तिचं काय हुईल?"

यासीनभाईंचं म्हणणं, ओझं पडलं की गाडी बसेल. आप्पांनी वखारीतली पोती मागे टाकून बघितली. तांब्या बराच शाबूत राहिला. पण माझी आई म्हणजे मूठभर हाडं. पोत्याचं वजन तिच्यात कुठून यावं? मग मागचा एक पाटा काढला, तर गाडी मऊ झाली पण वळणावर झुकू लागली. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. काढलेल्या पाट्याच्या जागी पातळ पाटा घातला, शॉक आणखी नरम घेतले. दर फेरीनंतर नट आवळायचे, तेही माझ्याच हाताने. "नवा पाटा जागा धरतोय तवर नट ढिलं पडत्यात. तिथं रानात मी न्हाय येणार आवळायला." मे महिना असा गेला. मी वैतागून जात होतो, एकदा तर तांब्या भिरकावून द्यावासा वाटला. पावसाच्या तोंडावर एका संध्याकाळी तांब्यात चार बोटं कमी, एवढंच पाणी सांडलं. आप्पांनी ते प्यायलं आणि म्हणाले, "आता म्हातारीला बशीव."

रानात ते येणार नाहीत, हे खरंच होतं. चातुर्मासात निपाणीची शीव ओलांडायची नाही, असा त्यांचा नेम. पायाखाली आणि चाकाखाली कोट्यवधी जीव असतात त्या दिवसांत. म्हणजे ज्या पावसासाठी ही सगळी खटपट, त्या पावसात आप्पा वखारीत बसून राहणार. आषाढ लागला तेव्हा त्यांनी मला एक चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची काठी दिली. तिच्यावर तांबड्या रंगाचा एक पट्टा ओढला होता.

"वढ्यात आधी ही काठी घेऊन तू उतरायचं. पाणी पट्ट्याच्या खाली असलं तर गाडी घाल. पट्टा बुडला तर थांब. तवा माझं ऐकू नको, तुझं बी ऐकू नको. काठीचं ऐक."

आणि तो फोन आलाच. गावातला पोस्टमन टेकडीवर चढून, रेंज धरून बोलत होता, "आईला श्वास पुरंना झालाय. या." मी निघालो तेव्हा आप्पा वखारीच्या दारात उभे होते. त्यांच्या ओठांची हालचाल दिसली, शब्द ऐकू आले नाहीत.

जाताना पट्टा पाण्यावर राहिला, गाडी निघाली. आईला बाकावर घेऊन परत आलो, तर पट्टा बुडालेला. फार नाही, दोन बोटं. चार इंच उचललेली गाडी सरळ गेली असती! मागे आईच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती आणि मी ओढ्याकाठी काठी धरून आप्पांना तोंडाला येईल ते बोलत होतो. एकदा किल्ली फिरवलीही.

"दम खा रं," आई म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं.

पाऊस थोडा उघडला. पाणी हटत होतं, पण इतकं सावकाश की बघताना हटतच नाही असं वाटावं. मी पाण्यात उतरायचो, बघायचो, परत यायचो. शेवटी पट्ट्याची वरची कड दिसली, मग पट्टा. गाडी घातली. पाणी दाराला थापा मारत राहिलं आणि आम्ही पलीकडे निघालो.

पुढच्या वळणावर रस्त्याची डावी बाजू वाहून गेली होती. गेलो तेव्हा ती होती. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, मध्ये कशीबशी जीप मावेल एवढी वाट. मागे वळायला जागा नव्हती. डावं चाक खाली गेलं, गाडी कलली, आई दाराकडे सरकली. माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. गाडी कलतच गेली आणि मग थांबली. पाटे दबले, सावकाश परत फुलले, चाकाने माती धरली आणि गाडी वर आली.

चार इंचांवर ती उलटली असती का? मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. भीतीने सांगितलेलं ऐकलं की ती खरी होती का खोटी, हे समजायची सोयच राहत नाही.

खानापूरजवळ फोनला रेंज आली तेव्हा दिवस मावळून गेला होता. पहिल्याच घंटीला आप्पांनी उचलला. "काय झालं?"

"काही झालं नाही, आप्पा. आई बरी आहे. दवाखान्यात नेतोय."

ते हलकेच म्हणाले, "बरं." त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे आक्कांनी मला नंतर सांगितलं. ताट वाढून ठेवलेलं, आणि हे फोनकडे बघत बसलेले. बघता बघता दिवस बुडाला, मग नेमाप्रमाणे जेवण दुसऱ्या दिवशीच.

पुढल्या माघात आप्पा गेले, झोपेतच. आक्का म्हणाल्या, "भ्यायला बी सवड मिळाली न्हाय त्यास्नी." तांब्या त्यांनी मला दिला.

यंदा म्हशी शेजाऱ्यांकडे देऊन आई आषाढातच यायला तयार झाली. ओढ्याला पाणी होतं, मी काठी घेऊन उतरलो, पट्टा बघितला आणि आलो. निपाणीत वखारीसमोर गाडी लावली. आईच्या शेजारचा तांब्या चार बोटं कमी होता. मी तो उचलला, बंद दाराकडे वळलो आणि सवयीने म्हणालो, "काय झालं न्हाय."

"कुणाला सांगतोस रं?" आईने मागून विचारलं.

मी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. शेजारच्या घराच्या वरच्या खिडकीतून आक्का बघत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि हाक मारली, "चला वर, दिवस हाय तवर जेवून घ्या."