पपांची पुठ्ठ्याची अक्षरं

भिंगारच्या आमच्या घरात एका सकाळी पपांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. उचलायला वाकले आणि तिथेच कलंडले… दुसरं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. मी तेव्हा इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होते.

आता नव्वदी उलटलीय. मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. काल आमच्या ग्रुपवर कुणीतरी कोडं टाकलं… ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधा, अर्थ लिहा. सगळ्यांनी पटापट उत्तरं दिली. मी फोन बाजूला ठेवून दिला.

पपा नगरला मुलांना इंग्रजी शिकवायचे. वर्गासाठी त्यांनी पुठ्ठ्याची अक्षरं कापली होती. दोन-तीन अक्षरं समोर टाकायची, ती ज्यात कुठेही येतात असा शब्द अर्थासकट सांगायचा. अडलं तर डिक्शनरी उघडायची मुभा. संध्याकाळी घरीही हाच खेळ चालायचा. आई भाकरी थापता थापता ऐकायची, तिला इंग्रजी येत नव्हतं.

त्या झटक्यात पपांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आईने पाटीवर मराठी अक्षरं काढून पाहिली. पण काना-मात्रांत त्यांचा गोंधळ व्हायचा आणि ते पाटी ढकलून द्यायचे. दिवसभर उन्हाचा कवडसा बघत पडून राहायचे…

एकदा मी ती पुठ्ठ्याची अक्षरं त्यांच्या अंथरुणावर पसरली. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग डाव्या हाताने दोन वेगळी केली, डब्ल्यू आणि एन. अख्खा शब्द जुळवणं त्यांना झेपत नव्हतं.

मी डिक्शनरी घेऊन बसले. स्नो म्हणजे बर्फ… क्राउन म्हणजे मुकुट… पपा मान हलवत राहिले. विंडो म्हणजे खिडकी म्हटलं तसे त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सुस्कारा सोडला. आईने उठून खिडकी उघडली, आणि मग तिथेच, गजांना धरून रडली.

तेव्हापासून पपा माझ्यामार्फत बोलायला लागले. मी शाळेतून येईपर्यंत वाट बघायचे. कधी शब्द लगेच सापडायचा, कधी अंधार पडेपर्यंत सापडायचाच नाही… मग आम्ही अक्षरं गोळा करून ठेवायचो.

घर शाळेचं होतं, ते सोडायची वेळ आली. पपांचे थोरले भाऊ काष्टीहून आम्हाला न्यायला आले. काका मायाळू माणूस. शेती बेताची, पण त्यांनी मागे-पुढे पाहिलं नाही.

“गावाकडं भाकर हाय, चार मान्सं हायेत. हितं एकटी काय करशील, बाई?” ते आईला म्हणाले.

आईने मान डोलावली. काष्टीत तेव्हा मुलींसाठी इंग्रजी शाळा नव्हती. माझी शाळा सुटणार हे सगळ्यांना कळत होतं. मला तर त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पपांजवळ राहायला मिळणार, एवढंच डोक्यात होतं.

निघायच्या आदल्या दुपारी सामानाची बांधाबांध चालली होती. पपांनी खूण करून अक्षरं मागितली. एस, एच आणि एल काढून ठेवली.

शॉल, मी म्हटलं. आईने शाल पांघरली, ती त्यांनी ओढून टाकली. शोल्डर, खांदा म्हटल्यावर काका तो चेपायला लागले, तर त्यांचाही हात झटकला. मग मी हळूच म्हटलं, स्कूल… पपा थांबले. जवळ आलीस, पण ते नाही, अशी त्यांची मान हलली. शोधून शोधून त्यांनी टी ठेवला.

“हॉस्पिटल,” मी म्हटलं. काकांना ते लगेच कळलं. त्यांना वाटलं, भावाला दवाखान्यात जायचंय. पपा जोरजोराने मान हलवायला लागले, घशातून कसलासा आवाज निघाला. ई हाताशी यायला फार वेळ लागला. तो त्यांनी बाकीच्या अक्षरांपाशी सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

हॉस्पिटलमध्ये ई येत नाही. आमच्याकडे सगळे बोर्डिंग म्हणायचे, म्हणून तो शब्द इतका वेळ सुचला नव्हता. आता सुचला… आणि ओठांवर येईना.

आईने विचारलं, “काय म्हणतात गं?”

त्या घरात त्याचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता. कळलं नाही म्हणून मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण पपा माझ्यावरून नजर हलवत नव्हते.

“होस्टेल,” मी म्हटलं. “मला बोर्डिंगात ठेवा म्हणतात. शाळेसाठी.”

पपांनी डोळे मिटले. काका एवढंच म्हणाले, “त्याच्या मनात हाय, तर ऱ्हाऊ दे पोरीला.”

दुसऱ्या दिवशी नगरच्या स्टेशनावर काकांनी आणि एका हमालाने पपांना उचलून गाडीत बसवलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं. गाडी हलायच्या आधी त्यांनीच ते सोडलं.

नाताळच्या सुट्टीत मी जाणार होते. त्याआधीच काका मला न्यायला आले. पायांवरची धूळही झाडली नव्हती त्यांनी… मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

कितीतरी दिवसांनी मी आईला विचारलं, पपा तिथे काय काय बोलायचे? ती म्हणाली, “तुला सोडून आल्यावर त्यांनी अक्षरं मागितलीच नाहीत. मी समोर मांडून बघितली, तर एकेक करून माझ्याच ओंजळीत परत ठेवली. तिथं कुणाला कळणार होतं?”

पुढे मी मॅट्रिक झाले, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. खाल्लेला प्रत्येक घास त्या एका शब्दाचा आहे. पण तो शब्द मागताना पपांना पुरतं ठाऊक होतं, की यापुढे आपलं बोलणं कुणालाच कळणार नाही… मला हे कळायला मात्र आई सांगेपर्यंत वेळ लागला.